लगोरीच्या ठिकऱ्या आणि सूक्ष्मदर्शकाखालचा धागा



आजवर मी इथे वर्गात जमलेल्या गोष्टीच लिहिल्या. आज एक चुकलेली गोष्ट लिहिते आहे. ती लिहायचा धीर व्हायला मला दीड वर्ष लागलं.

मी पिंपळनेर परिसरातल्या (ता. साक्री, जि. धुळे) एका छोट्या शाळेवर शिकवते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक माझी आहे, शाळेची नाही.

मे महिन्यातलं वादळ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षीच्या वादळात आमच्या किचन शेडवरचे सिमेंटचे दोन पत्रे फुटले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुकडे भिंतीच्या कडेला रचून ठेवलेले होते. पोरांना लगोरीसाठी ठिकऱ्या हव्याच असतात. पत्र्याचा लहान तुकडा हलका असतो, ओट्याच्या दगडावर घासला की लवकर गोल होतो. मधल्या सुट्टीत अकरा जण ओळीने घासत बसले.

मी तेव्हा चौथीला वर्तुळ शिकवत होते. केंद्र, त्रिज्या, व्यास. ती ओळ बघितली आणि मला वाटलं, वा, याहून चांगलं शैक्षणिक साहित्य कुठलं? मी म्हटलं, "सगळ्यात गोल ठिकरी कोणाची होते बघू!" मग काय, दोन दिवस घासणं चाललं. आम्ही दोऱ्याने व्यास मोजले, वहीत लिहिले. मी फोटो काढला: अकरा पोरं, अकरा ठिकऱ्या आणि बावीस पांढरे तळहात. "कृतीतून वर्तुळ" असं लिहून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खूप अंगठे आले.

रात्री एका मैत्रिणीचा फोन आला. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो, आता ती ठाण्याकडे शिकवते. "छान आहे गं उपक्रम," ती म्हणाली, "पण ते पत्रे कसले आहेत? अ‍ॅसबेस्टॉसचे नाहीत ना?"

मला उत्तर देता आलं नाही.

मोबाईलला विचारलं

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं जे आज कुणीही करेल. तुकड्याचा जवळून फोटो काढला आणि मोबाईलला विचारलं. वस्तू ओळखणाऱ्या एका ॲपने सांगितलं, फरशी. तेही मोठ्या खात्रीने, टक्केवारीसकट. मग एआयवर चालणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या दुसऱ्या ॲपला विचारलं. त्याने सांगितलं की नुसत्या फोटोवरून हे ओळखता येत नाही, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं, तोपर्यंत तुकडे घासू नका, फोडू नका, कोरडं झाडू नका.

दोन यंत्रं, दोन उत्तरं. पहिल्याला काहीच माहीत नव्हतं, पण ते ठामपणे बोललं. दुसऱ्याने "सांगता येत नाही" म्हटलं आणि तेच खरं होतं. वर्गातसुद्धा आपण पहिल्यासारख्या मुलालाच जास्त शाबासकी देतो का, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

त्या दिवशी मी तुकड्यांवर पाणी शिंपडलं, ते दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत बांधून कुलपात ठेवले आणि ओटा ओल्या फडक्याने पुसला. मग वाचायला सुरुवात केली.

हा धागा असतो तरी काय?

अ‍ॅसबेस्टॉस म्हणजे एक वस्तू नाही. धाग्यासारख्या वाढणाऱ्या सहा खनिजांना मिळून हे नाव आहे: क्रिसोटाइल, क्रोसिडोलाइट, अमोसाइट, ट्रेमोलाइट, ॲक्टिनोलाइट आणि अँथोफिलाइट. दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. जळत नाही, कुजत नाही, ताण सहन करतो. म्हणून तो ब्रेकच्या लायनिंगमध्ये गेला, बॉयलरच्या वेष्टणात गेला आणि आपल्या डोक्यावरच्या पत्र्यात आला. सिमेंटच्या अशा पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के क्रिसोटाइल म्हणजे पांढरा अ‍ॅसबेस्टॉस असतो, बाकी सिमेंट. आता अ‍ॅसबेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात आणि गोम इथेच आहे: दोन्ही राखाडी, दोन्ही नालीदार, दोन्ही सारखेच दिसतात.

पत्रा धड असेल तर धागे सिमेंटमध्ये अडकलेले असतात. कापला, घासला, फोडला की सुटतात. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर क्रिसोटाइलचा एक सुटा तंतू त्याच्यापेक्षा हजारो पटींनी बारीक असू शकतो. तो श्वासातून फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो. शरीरातल्या पेशी त्याला गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांना पुरता गिळता येत नाही. तिथे वर्षानुवर्षे दाह होतो, व्रण धरतात. अ‍ॅसबेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा हे आजार साधारण २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्या प्रकारच्या अ‍ॅसबेस्टॉसला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे पत्र्यांमध्ये तो अजून वापरला जातो, बाहेरून आयात होतो.

धोका किती धूळ आणि किती काळ, यावर वाढत जातो. दोन दिवस ठिकऱ्या घासलेल्या मुलांना काही होईल याची शक्यता फार कमी आहे, हे मी आधीच सांगते. कुणी घाबरून जाऊ नये. पण ती शक्यता अगदी शून्य आहे, असं मला कुणी लिहून देणार नाही.

घाटकोपरचे कामगार आणि चाळीस वर्षांची नोंद

वाचता वाचता मुंबईतल्या एका अभ्यासापाशी मी थांबले. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी घाटकोपरच्या एका अ‍ॅसबेस्टॉस कारखान्यातल्या कायम कामगारांची तपासणी केली होती. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. २३२ कामगार तपासणीला आले. त्यांपैकी किमान १५ वर्षं धुळीत काम केलेल्या १८१ जणांचा बारकाईने विचार केला, तर ४१ जणांना अ‍ॅसबेस्टॉसिस निघाला. जवळपास चारातला एक. त्यांनी लिहिलेली आणखी एक गोष्ट मला जास्त लागली: अशा कामगारांचा आजार क्षयरोग किंवा जुना खोकला म्हणून नोंदवला जातो. म्हणजे आजार होता, फक्त त्याला बरोबर नाव मिळत नव्हतं.

त्याआधी २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला होता. अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद, तो कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यात जे नंतर संपेल तोपर्यंत जपायची. हवेतले तंतू मोजायला मेंब्रेन फिल्टर चाचणी करायची. आजार सिद्ध झाला तर एक लाख रुपये भरपाई.

चाळीस वर्षं! आपल्या शाळेत आपण पोषण आहाराची चव नोंदवही ठेवतो, हालचाल रजिस्टर ठेवतो. पण एखादं मूल लहानपणी कुठल्या धुळीत बसलं होतं, याची नोंद कुठेच नसते.

मोजतात कसं? आणि यंत्र त्यात काय करतं?

मेंब्रेन फिल्टर चाचणी समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. तुम्हाला सोप्या भाषेत सांगते.

एका छोट्या पंपाने ठरावीक हवा बारीक चाळणीसारख्या गोल कागदातून ओढतात. मग तो कागद ॲसिटोनच्या वाफेने काचेसारखा पारदर्शक करतात आणि फेज काँट्रास्ट नावाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ४०० पट मोठा करून बघतात. भिंगात १०० मायक्रोमीटर व्यासाचं एक वर्तुळ आखलेलं असतं. (हो, इथेही वर्तुळच!) त्या वर्तुळात दिसणारे तंतू मोजायचे. मोजायचा कोणता, तर लांबी ५ मायक्रोमीटरपेक्षा जास्त, जाडी ३ पेक्षा कमी आणि लांबी जाडीच्या निदान तिप्पट असलेला. मग फिल्टर सरकवायचा, पुढचं वर्तुळ. एका फिल्टरवर अशी शंभरापर्यंत वर्तुळं.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या पाच आपण किती लक्ष देऊन तपासतो आणि साठावी कशी तपासतो! इथेही तेच होतं. डोळे थकतात. एकमेकांवर पडलेले दोन तंतू एक धरायचे की दोन? वर्तुळाच्या कडेवरचा अर्धा धरायचा का? एकच फिल्टर दोन जाणकारांनी मोजला तरी आकडे वेगळे येतात. हे जगभर माहीत आहे, म्हणून प्रयोगशाळांच्या आपसात परीक्षाही घेतल्या जातात.

यंत्राकडून मोजून घ्यायची कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॅजिस्कॅन नावाच्या यंत्रावर हे करून बघितलं होतं. तेव्हा यंत्राला नियम सांगितले जायचे: इतकं लांब, इतकं बारीक असेल तर मोज. पण अंधूक तंतू, तंतूला चिकटलेला धुळीचा कण, एकमेकांना छेदणारे तंतू, असं काही आलं की नियम अडखळायचे.

आजचं एआय वेगळ्या पद्धतीने शिकतं. त्याला व्याख्या पाठ करायला लावत नाहीत, उदाहरणं दाखवतात. जाणकार माणसं हजारो चित्रांवर बोट ठेवून सांगतात: हा तंतू, हा नाही, हा कापसाचा धागा, ही नुसती कडा. त्यातून यंत्र स्वतःच खुणा पकडतं. मग सूक्ष्मदर्शकाचा टेबल मोटरने आपोआप सरकतो, कॅमेरा चित्रं घेतो, यंत्र संशयित तंतूंवर चौकटी आखतं आणि माणूस त्या तपासतो. ऑस्ट्रेलियात हवेतले तंतू मोजायला अशी यंत्रं वापरात आली आहेत. यंत्राचा साठावा पेपर पहिल्यासारखाच तपासलेला असतो, हा त्याचा मोठा गुण.

पण एक मर्यादा भिंगाचीच आहे आणि ती एआय पुसू शकत नाही. या सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक तंतू दिसतच नाहीत. शिवाय तंतू दिसला तरी तो अ‍ॅसबेस्टॉसचाच आहे हे नुसत्या आकारावरून कळत नाही. पत्र्याच्या तुकड्यात काय आहे हे ओळखायला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक लागतो. विशिष्ट द्रवात बुडवलेला तंतू त्याच्या प्रकारानुसार ठरावीक रंग दाखवतो. त्याहून बारीक काम असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, तो तंतूतली मूलद्रव्येही सांगतो.

आकारावर जायचं नाही, हे मला आमच्या एका विद्यार्थ्याने आणलेल्या दगडामुळे नीट समजलं. आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या सुयांचे झुपके निघतात, तुम्हीही पाहिले असतील. "मॅडम, हे पण तसलेच धागे का?" ही बहुधा स्कोलेसाइटसारखी झिओलाइट गटातली खनिजं, अ‍ॅसबेस्टॉस नव्हेत. पण त्याच झिओलाइट गटात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज आहे. तुर्कस्तानातल्या काराइन, तुझकोय अशा गावांत घरं ज्या दगडाची होती त्यातच ते होतं आणि तिथे मेसोथेलिओमाने माणसं मोठ्या प्रमाणात दगावत होती. १९७० च्या दशकात डॉ. इझेत्तिन बारिश यांनी ते जगापुढे आणलं. सुईसारखं दिसणारं सगळंच वाईट नाही आणि अ‍ॅसबेस्टॉस नाही म्हणून चांगलंच, असंही नाही. नाव बरोबर कळायला हवं.

आमच्या वर्गाने यंत्राला शिकवलं

हे सगळं वाचून मला वाटलं, पोरांना "एआय" हा शब्द जाहिरातीतून कळण्यापेक्षा हातातून कळू दे. आमच्याकडे फोल्डस्कोप होता. स्टॅनफोर्डच्या मनू प्रकाश यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला कागदाचा सूक्ष्मदर्शक, १४० पट मोठं दाखवणारा. त्यातून साधारण २ मायक्रोमीटरपर्यंतचं दिसतं, म्हणजे अ‍ॅसबेस्टॉस ओळखायला तो उपयोगाचा नाही. (पत्र्याचा तुकडा फोल्डस्कोपखाली ठेवून बघूया, असं कृपया कुणीही करू नका.)

आम्ही घरचे, बिनधोक धागे घेतले. कापूस तर आपल्या खान्देशात घरोघरी. लोकर एका ठेलारी कुटुंबातल्या मुलीने आणली. नायलॉन गोणीच्या शिलाईचा आणि केस माझा. मोबाईल भिंगाला लावून प्रत्येकाचे चाळीस फोटो काढले. मग शाळेच्या लॅपटॉपवर गूगलचं टीचेबल मशीन उघडलं. त्यात वर्ग करायचे, फोटो भरायचे आणि यंत्राला शिकवायचं. कोडिंग लागत नाही.

पहिल्या दिवशी यंत्राने सगळं बरोबर ओळखलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कापूस ठेवला तर यंत्र म्हणालं, लोकर. पुन्हा ठेवला, पुन्हा लोकर. मीही गोंधळले. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, "मॅडम, ते धागाकडे पाहतच नही. उजेडकडे पाही ऱ्हायनं."

खरंच होतं! कापसाचे फोटो आम्ही सकाळी काढले होते, लोकरीचे दुपारी खिडकीपाशी. यंत्राला धागा कळलाच नव्हता, त्याने पिवळट उजेड पाठ केला होता. आपलं एखादं मूल नाही का, गणित न वाचता पानावरच्या चित्रावरून उत्तर ओळखतं!

मग आम्ही सगळे फोटो पुन्हा काढले, वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या जागी. यंत्र सुधारलं. तेवढ्यात एका पठ्ठ्याने भिंगाखाली कांद्याचं पातळ साल ठेवलं. यंत्र छातीठोकपणे म्हणालं, नायलॉन. पोरं हसली. मी विचारलं, "त्याने असं का सांगितलं?" बऱ्याच चर्चेनंतर उत्तर निघालं: त्याला आपण चारच डबे दिले होते, पाचवा डबाच नव्हता. मग पोरांनी पाचवा डबा केला आणि त्याचं नाव ठेवलं, "नक्की सांगता येत नाही". त्यात कांद्याची साल, धूळ, रिकामी काच, हललेले फोटो, सगळं भरलं.

खऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचा प्रश्न याहून वेगळा नाही. एका सूक्ष्मदर्शकावर शिकलेलं यंत्र दुसऱ्यावर चुकू शकतं. सिमेंटची धूळ बघून शिकलेल्याला जिप्समची धूळ चकवू शकते. म्हणून त्याला न दाखवलेली चित्रं देऊन परीक्षा घ्यावी लागते आणि शंका आली की माणसाकडे सोपवायची सवय त्यातही घालावी लागते. चौथीच्या मुलांना हे दोन दिवसांत कळलं.

कांदाचाळीचे पत्रे कापणारा बाप

खरी परीक्षा पालक सभेत झाली. मी शाळा व्यवस्थापन समितीसमोर सगळं सांगितलं, फोटोसकट. सोपं नव्हतं. एक आई म्हणाली, "मॅडम, तुम्हीच घासायला लावलं ना?" मी म्हटलं, "हो, मीच." दुसरं काय म्हणणार?

मग ती न बोलणारी मुलगी, तिचे वडील उठले. ते कांदाचाळी उभारायचं काम करतात. आपल्या साक्री तालुक्यात कांदा किती आणि चाळी किती, तुम्हाला माहीत आहे. पत्रा टिनाचा तापतो म्हणून सिमेंटचा घालतात, आणि कापायला ग्राइंडर. त्यांनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, तुम्हना यंत्रमा पाहीसन सांगा ना, हाऊ पत्रा चांगला शे का वाईट? मी पंधरा वरीसपाईन कापी ऱ्हायनू. आजपावत माले काही व्हयनं नही."

माझ्या पोटात गोळा आला. दोन दिवस ठिकऱ्या घासणाऱ्या मुलांची मी काळजी करत होते आणि समोर पंधरा वर्षं ग्राइंडर चालवणारा माणूस उभा होता. तोंडाला रुमाल बांधून. त्या बारीक धाग्याला रुमाल काय अडवणार?

मी सांगितलं, "दादा, मोबाईलला कळत नाही. माझ्या यंत्रालाही नाही. प्रयोगशाळेत द्यावं लागतं. आणि ते होईपर्यंत त्यात आहे असंच धरून चालायचं." मग जे वाचलं होतं ते सांगितलं: ग्राइंडर नको, पाणी मारून हाताच्या करवतीने कापायचं. तुकडे ओले करून उचलायचे, कोरडं झाडायचं नाही. रुमालाऐवजी बारीक धूळ अडवणारा, नाकाला घट्ट बसणारा मास्क लावायचा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. खोकला किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना "मी पत्रे कापतो" हे स्वतःहून सांगायचं. घाटकोपरच्या कामगारांची गोष्टही सांगितली, कारण डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायला हवं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग आते पाणी मारीसनच कापसू. पन करवतवर एक चाळले दोन दिवस जास्तीना लागथीन. त्यानी मजुरी कोन देई?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, एआयकडेही नाही. तंतू कितीही अचूक मोजता आले तरी ज्याचा फिल्टर कुणी कधी लावलाच नाही, त्याच्या फुफ्फुसातलं कोण मोजणार? कारखान्यातल्या कामगारासाठी निदान न्यायालयाचा आदेश आहे. चाळीवर चढणाऱ्या माणसासाठी कुठलं रजिस्टर आहे?

आता काय केलं

किचन शेडवरचे उरलेले पत्रे आम्ही फोडून काढले नाहीत. सगळे धड आहेत, त्यांच्यावर कुणी चढत नाही, खिळा ठोकत नाही. लोकसहभागातून पैसे जमताहेत. जमले की जाणत्या माणसाकडून पाणी मारून, अख्खे उतरवायचे असं समितीने ठरावात लिहिलं आहे. पिशवीतल्या तुकड्याचा नमुना तपासायला पाठवायचंही त्याच ठरावात आहे. लगोरी आता फरशीच्या तुकड्यांची आहे.

मुलीच्या वडिलांना मी मास्कचं एक पाकीट दिलं. ते वापरतात का, हे त्यांची मुलगी मला दर सोमवारी सांगते. कधी "हो", कधी "नही".

आणि मी एक वही केली. साधी दोनशे पानी. पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख, काय झालं, किती वेळ झालं आणि अकरा मुलांची नावं. दुसऱ्या पानावर, त्यांच्या परवानगीने, वडिलांची पंधरा वर्षं: किती चाळी, कोणतं हत्यार. वहीची एक छायाप्रत प्रत्येक पालकाकडे दिली, जन्मदाखल्याच्या पिशवीत ठेवायला सांगितली. ही मुलं पन्नाशीला येतील तेव्हा मी कुठे असेन कुणास ठाऊक. पण तेव्हा एखादा डॉक्टर विचारेल, "लहानपणी कधी असल्या धुळीशी संबंध आला होता का?" तर त्यांच्याकडे कागद असेल.

बावीस पांढऱ्या तळहातांचा तो फोटो मी ग्रुपवरून काढला. मोबाईलमधून काढला नाही.

तुमच्या शाळेवर, अंगणवाडीवर, गोठ्यावर असे पत्रे असतील तर आधी एवढंच बघा: फुटलेले आहेत का आणि तुकडे मुलांच्या हाताला लागतात का. घाबरू नका, पण ओले करून उचला आणि नोंद ठेवा. आणि वर्गात यंत्राला धागे शिकवायचा खेळ नक्की घ्या. काही अडलं तर विचारा, मला माहीत असेल ते सांगेन. नसेल तर आमच्या वर्गाचा पाचवा डबा आहेच.